पल्ला मोठा, कवच पातळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी विमानांचा विषय निघाला, की आपल्याकडे बहुतेकांना एकच नाव आठवते, ते म्हणजे ‘झीरो’. चपळ, हलके, पर्ल हार्बरवर घिरट्या घालणारे लढाऊ विमान. पण त्याच कंपनीच्या, त्याच काळातल्या आणखी एका विमानाची कहाणी झीरोपेक्षाही अधिक विचार करायला लावणारी आहे. हे विमान दोन इंजिनांचे, बॉम्ब आणि पाणतीर वाहून नेणारे. मित्सुबिशीने ते बनवले आणि जपानी नौदलाने वापरले. कागदोपत्री त्याचे नाव ‘जी-४-एम’. अमेरिकनांनी त्याला सांकेतिक नाव दिले ‘बेटी’. जपानी वैमानिक त्याच्या फुगीर आकारामुळे त्याला लाडाने ‘हामाकी’, म्हणजे सिगार, म्हणत. पुढे शत्रूने याच सिगारला ‘लायटर’ म्हणायला सुरुवात केली. एक गोळी लागली की पेट घेणारा लायटर! सिगारचा लायटर कसा झाला, त्याचीच ही गोष्ट.

नौदलाला जमिनीवरची विमाने का हवी होती?

आता पहिला प्रश्न असा, की नौदलाला जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडणारे एवढे मोठे विमान हवेच कशाला होते? त्याचे उत्तर १९२२ सालच्या वॉशिंग्टन करारात आहे. पहिल्या महायुद्धानंतर बड्या राष्ट्रांनी आपापल्या युद्धनौकांवर मर्यादा घालून घेतली. अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांचे प्रमाण ठरले पाच, पाच आणि तीन. म्हणजे उद्या अमेरिकेशी गाठ पडली, तर जपानचे आरमार पहिल्या दिवसापासूनच तोकडे. १९३० च्या लंडन कराराने ही बोच आणखी वाढवली.

या तोकडेपणावर जपानी नौदलातल्या काही अधिकाऱ्यांनी तोड काढली. करारात नौका मोजल्या होत्या, जमिनीवरची विमाने मोजलेली नव्हती. अमेरिकन आरमार पॅसिफिक महासागर ओलांडून यायला निघाले, की बेटांवरच्या तळांवरून लांब पल्ल्याची विमाने उडवायची आणि वाटेतच त्याचे लचके तोडायचे. या कल्पनेचा पाठपुरावा करणाऱ्यांत एक नाव ठळक होते, ते म्हणजे इसोरोकु यामामोटो. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला नौदलाच्या विमान खात्यातल्या तांत्रिक विभागाची सूत्रे त्यांच्याकडे होती. हे नाव लक्षात ठेवा, कारण या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

या विचारातून मित्सुबिशीने आधी ‘जी-३-एम’ हे विमान तयार केले. किरो होंजो हे त्याचे मुख्य रचनाकार. १९३५ मध्ये ते प्रथम उडाले. ऑगस्ट १९३७ मध्ये चीनशी उघड युद्ध पेटले आणि तैवान व क्युशूच्या तळांवरून समुद्र ओलांडून या विमानांनी चीनमधल्या शहरांवर आणि विमानतळांवर बॉम्ब टाकले. एवढ्या लांबून समुद्रापार केलेले हल्ले पाहून जग चकित झाले. पण ज्या गोष्टीची जाहिरात झाली नाही, ती अशी, की सोबत लढाऊ विमाने नसल्यामुळे पहिल्या काही दिवसांतच कितीतरी विमाने आणि त्यांतले कसलेले वैमानिक परत आले नाहीत. पंखांतल्या पेट्रोलच्या टाक्यांना गोळी लागली, की विमान पेटत असे. धडा तिथेच समोर उभा होता.

फळ्यावरचे चित्र

सप्टेंबर १९३७ मध्ये नौदलाने पुढच्या विमानासाठी मागणीपत्र काढले. त्यातल्या अटी वाचून आजही आश्चर्य वाटते. इंजिने दोनच. वेग ताशी सुमारे ४०० किलोमीटर. रिकाम्या विमानाचा पल्ला ४,७०० किलोमीटरहून जास्त, आणि ८०० किलो वजनाचा पाणतीर घेऊन ३,७०० किलोमीटर. त्या काळी एवढा पल्ला दोन इंजिनांच्या विमानाकडून मागणे म्हणजे एका बैलजोडीला दोन गाड्या जुंपण्यासारखेच होते.

होंजो यांनी हिशेब मांडला. पल्ला हवा तर इंधन हवे. इंधन हवे तर पंखांचा सगळा पोकळ भागच टाकी म्हणून वापरावा लागेल. त्या टाक्यांभोवती रबराचे संरक्षक आवरण घालायचे, वैमानिकांच्या पाठीशी पोलादी पत्रा बसवायचा, तर वजन वाढणार. वाढलेले वजन उचलायला दोन इंजिने पुरणार नाहीत. तेव्हा त्यांनी सुचवले, की विमान चार इंजिनांचे करू. दोन इंजिने पल्ल्यासाठी आणि बॉम्बसाठी, उरलेल्या दोघांची ताकद माणसांच्या संरक्षणासाठी.

या बैठकीचा एक प्रसंग सांगितला जातो. होंजो यांनी फळ्यावर चार इंजिनांच्या विमानाचे चित्र काढून आपले म्हणणे समजावून सांगायला सुरुवात केली. नौदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांना मध्येच थांबवले. लढाईत काय लागते ते नौदल ठरवील, कंपनीने सांगितले तसे विमान बांधावे, अशा अर्थाचे त्याने सुनावले आणि ते चित्र पुसून टाकायला लावले. होंजो यांनी चित्र पुसले.

नौदलाची बाजूही समजून घेतली पाहिजे. चार इंजिनांचे विमान महाग आणि बोजड. पाणतीर टाकायचा तर समुद्रालगत, अगदी खालून, झपाट्याने जावे लागते, त्यासाठी चपळाई हवी. जपानजवळ धातू कमी आणि पेट्रोल त्याहून कमी. शिवाय आक्रमक लष्करी मनोवृत्तीत संरक्षणाचा विचार हा काहीसा भित्रेपणाचाच समजला जाई. या सगळ्यांची बेरीज अशी झाली, की पल्ला, वेग आणि शस्त्रे हे तिन्ही ठेवायचे आणि जे कमी करायचे ते माणसांच्या वाट्याचे.

होंजो हाडाचे अभियंता. मिळालेल्या चौकटीत त्यांनी अप्रतिम काम केले. विमानाचे धड त्यांनी मुद्दाम गोल, फुगीर ठेवले. दिसायला बेढब, पण हवेचा विरोध कमी आणि आत माणसांना हालचालीला जागा भरपूर. शेपटीत २० मिलिमीटरची तोफ बसवली. प्रत्येकी दीड हजार अश्वशक्तीची ‘कासेई’ इंजिने लावली. २३ ऑक्टोबर १९३९ रोजी हे विमान प्रथम उडाले आणि चाचण्यांत त्याने वेग व पल्ला या दोन्हींत नौदलाच्या अपेक्षेला मागे टाकले. पंखांत जवळजवळ पाच हजार लिटर पेट्रोल मावत होते. त्याभोवती होते फक्त ॲल्युमिनियमचे पातळ कातडे.

गंमत पाहा. नौदलाने आधी या विमानाचे बॉम्बफेकी रूप बाजूला ठेवून, त्यावर जादा तोफा बसवून ते इतर बॉम्बफेकी विमानांचे रक्षक म्हणून वापरायचे ठरवले. अशी तीस विमाने बनलीही. पण बॉम्ब टाकून हलकी झालेली विमाने भराभर परत फिरत आणि तोफांच्या ओझ्याने जड झालेले रक्षक मागे रेंगाळत! हा नाद सुटेपर्यंत बहुमोल काळ गेला. अखेर एप्रिल १९४१ मध्ये हे विमान बॉम्बफेकी म्हणून नौदलात रीतसर दाखल झाले. जपानी पंचांगाप्रमाणे ते २६०१ वे वर्ष होते, म्हणून त्याला नाव मिळाले ‘एक क्रमांकाचे’ हल्ला विमान.

क्वांतानजवळचे दोन तास

८ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर काही तासांतच, तैवानवरून उडालेल्या बॉम्बफेकी विमानांनी फिलिपाइन्समधला अमेरिकेचा क्लार्क फील्ड हा मोठा तळ गाठला. तैवानवर सकाळी धुके होते म्हणून हल्ल्याला उशीर झाला होता. खरे तर त्यामुळे अमेरिकन सावध व्हायला हवे होते. प्रत्यक्षात दुपारी जपानी विमाने आली तेव्हा अमेरिकन विमाने जमिनीवर ओळीने उभी सापडली.

दोनच दिवसांनी, १० डिसेंबरला, याहून मोठी घटना घडली. ब्रिटनच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन मोठ्या युद्धनौका मलायाच्या पूर्व किनाऱ्याजवळ, क्वांतानच्या समोर होत्या. यांपैकी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’चे नाव आपल्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चर्चिल याच नौकेतून अटलांटिक ओलांडून रूझवेल्ट यांना भेटायला गेले होते आणि त्या भेटीतून जगप्रसिद्ध अटलांटिक सनद निघाली होती. प्रत्येक जनतेला आपले शासन निवडण्याचा हक्क आहे, असे ती सनद म्हणत होती. महिन्याभरातच चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये खुलासा केला, की त्या सनदेचा रोख नाझींच्या टाचेखालच्या युरोपकडे आहे, हिंदुस्थानचा प्रश्न वेगळा.

तर या नौकांवर वरून छत्र धरायला एकही विमान नव्हते. सैगॉनजवळच्या तळांवरून ऐंशीहून अधिक जपानी विमाने निघाली. त्यांत बहुतेक जुनी ‘जी-३-एम’ होती आणि कानोया तुकडीची २६ नवी ‘जी-४-एम’. सकाळी अकराच्या सुमारास हल्ला सुरू झाला. ‘रिपल्स’चे कप्तान विल्यम टेनंट यांनी आपली जुनी नौका अशी काही वळवली, की एकामागून एक पाणतीर हुकत गेले. पण कानोया तुकडीची विमाने दोन्ही बाजूंनी एकदम आली आणि मग मात्र सुटका नव्हती. साडेबाराच्या सुमारास ‘रिपल्स’ बुडाली, सव्वाच्या सुमारास ‘प्रिन्स ऑफ वेल्स’. ८४० माणसे गेली, त्यांत ॲडमिरल टॉम फिलिप्सही होते. जपानने गमावली फक्त तीन विमाने. खुल्या समुद्रात चालत्या, लढत्या अशा मोठ्या युद्धनौका केवळ विमानांनी बुडवल्याची ही जगातली पहिली घटना. सिंगापूरच्या आधारावर उभ्या असलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या दबदब्याला तडा गेला तो त्या दुपारी.

काही दिवसांनी कानोया तुकडीतले हारुकी इकी हे अधिकारी त्या जागेवरून पुन्हा उडाले आणि त्यांनी समुद्रात दोन पुष्पचक्रे टाकली. एक आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी, दुसरे बुडालेल्या ब्रिटिश खलाशांसाठी. युद्धाच्या सुरुवातीला माणसांना अशा गोष्टी सुचतात. पुढे पुढे त्या सुचेनाशा होतात.

आणि सिगार पेटली

या विजयाने जपानी नौदलाची खात्रीच पटली, की आपला निर्णय बरोबर होता. पण त्याच हिवाळ्यात, २० फेब्रुवारी १९४२ रोजी, दुसरी बाजू दिसली. न्यू ब्रिटन बेटावरचे राबौल जपान्यांनी नुकतेच जिंकले होते. तिथून १७ ‘जी-४-एम’ विमाने अमेरिकेच्या ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू नौकेवर चालून गेली. सोबत लढाऊ विमाने नव्हती, कारण एवढ्या दूर जायला झीरोंना लागणाऱ्या जादा टाक्या अजून पोचलेल्या नव्हत्या. त्या १७ पैकी १५ विमाने परतली नाहीत. त्यांच्या एका तुकडीला अमेरिकन वैमानिक एडवर्ड ओ’हेअर याने जवळजवळ एकट्याने रोखले. आपल्याकडचे अनेक प्रवासी शिकागोला ज्या ओ’हेअर विमानतळावर उतरतात, त्याला नाव याच वैमानिकाचे. तो स्वतःही पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९४३ मध्ये, रात्रीच्या अंधारात याच जातीच्या विमानांशी झालेल्या चकमकीत गेला.

ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकन सैन्य सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकनालवर उतरले. राबौलपासून हे बेट सुमारे हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन दोन हजार. ‘जी-४-एम’चा पल्ला मोठा म्हणूनच हे शक्य होते आणि शक्य होते म्हणूनच ते रोज करावे लागत होते. ८ ऑगस्टला २३ विमाने पाणतीर घेऊन लाटांना लागून आली. नौकांवरच्या सगळ्या तोफा त्यांच्यावर रोखलेल्या होत्या. १८ विमाने पडली. एका विमानात साधारण सात माणसे, म्हणजे एका दुपारी सव्वाशेच्या आसपास प्रशिक्षित वैमानिक आणि तंत्रज्ञ संपले. ऑक्टोबरपर्यंत अशी शंभराहून अधिक विमाने गेली.

विमान कारखान्यात पुन्हा बनवता येते. रात्री, समुद्रावर, नकाशा आणि ताऱ्यांच्या आधाराने हजार किलोमीटर विमान नेऊ शकणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात. नौदलाने वजन वाचवले ते रबराचे आणि पोलादाचे. किंमत मोजली ती या माणसांची. पुढे पंखांखाली रबराचे थर लावले गेले, आग विझवायची साधने बसवली गेली, पण ही सगळी नंतरची मलमपट्टी होती. हे विमान निरुपयोगी होते असे मात्र नाही. जानेवारी १९४३ मध्ये रेनेल बेटाजवळ रात्रीचा हल्ला करून याच विमानांनी अमेरिकेची ‘शिकागो’ ही क्रूझर पहिल्या रात्री जायबंदी केली आणि दुसऱ्या दिवशी बुडवली.

आणि मग आला १८ एप्रिल १९४३ चा दिवस. ॲडमिरल यामामोटो आता संयुक्त आरमाराचे सरसेनापती होते. आघाडीवरच्या सैनिकांना भेटायला ते राबौलहून बोगनव्हिलकडे निघाले. त्यांच्या दौऱ्याचा सांकेतिक संदेश अमेरिकनांनी चार दिवस आधीच उलगडला होता. यामामोटो वक्तशीर म्हणून प्रसिद्ध; तोच गुण घातक ठरला. ग्वाडलकनालवरून निघालेली १६ ‘लायटनिंग’ विमाने समुद्रावरून लांबचा वळसा घेऊन नेमक्या वेळी नेमक्या ठिकाणी पोचली. यामामोटो आणि त्यांचे अधिकारी दोन विमानांत होते. दोन्ही ‘जी-४-एम’. एक पेटून जंगलात कोसळले, दुसरे समुद्रात पडले. सरसेनापती गेले. दुसऱ्या विमानातले त्यांचे प्रमुख सहकारी उगाकी जखमी अवस्थेत वाचले. लांब पल्ल्याच्या नौदल विमानाची कल्पना ज्यांनी हिरिरीने पुढे नेली, त्यांचा शेवट त्याच विमानात झाला. अमेरिकेशी युद्ध नको, असे युद्धापूर्वी सांगणारेही तेच होते. जपानी जनतेला ही बातमी महिन्याभराने, २१ मे रोजी, सांगण्यात आली.

कलकत्त्याच्या आकाशात

या विमानाची सावली हिंदुस्थानावरही पडली. ५ डिसेंबर १९४३, रविवार. जपानी सैन्याच्या आणि नौदलाच्या विमानांनी मिळून भर दिवसा कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीवर हल्ला केला. नौदलाच्या तुकडीत ‘जी-४-एम’ होती. बंगालमध्ये ते दुष्काळाचे वर्ष. पोटासाठी गोदीत ओझी उचलणारे मजूर त्या बॉम्बखाली सापडले. पल्ल्याच्या त्या आकड्यांचा अर्थ टोकियोच्या कागदावर एक होता आणि खिदिरपूरच्या मजुराला कळला तो वेगळाच.

शेवटचे ओझे

युद्ध उलटले, तसे विमानाचे काम बदलले. १९४५ मध्ये त्याच्या पोटाखाली टांगण्यात आले ‘ओका’. नावाचा अर्थ चेरीचे फूल. प्रत्यक्षात तो १,२०० किलो स्फोटके भरलेला, पंख लावलेला, रॉकेटवर चालणारा बॉम्ब होता आणि त्यात एक माणूस बसवलेला असे. शत्रूच्या नौकेपासून तीसेक किलोमीटरवर त्याला सोडायचे, पुढे तो तरुण स्वतः तो बॉम्ब नौकेवर घेऊन जाणार. दोन टनांहून जास्त वजनाच्या या ओझ्याने आधीच नाजूक असलेले विमान अगदीच मंद झाले.

२१ मार्च १९४५ रोजी कानोया तळावरून पहिली मोहीम निघाली. १८ विमाने, नेतृत्व गोरो नोनाका यांचे. पुरेशी लढाऊ विमाने सोबत नसताना निघणे म्हणजे काय, हे त्यांच्यासारख्या अनुभवी अधिकाऱ्याला पुरते ठाऊक होते. अमेरिकन विमानांनी त्यांना वाटेतच गाठले. अठराच्या अठरा विमाने पडली. एकही ‘ओका’ लक्ष्यापर्यंत पोचला नाही. पुढे १२ एप्रिलला एका ‘ओका’ने अमेरिकेची एक विनाशिका बुडवली, पण युद्धाचा रोख त्याने बदलणार नव्हता.

दरम्यान होंजो यांच्या मूळ म्हणण्याकडे नौदल अखेर वळले होते. नव्या आराखड्यात पंख बदलले, टाक्यांना गोळी लागली तरी आपोआप छिद्र बुजवणारे आवरण आले, पल्ला कमी झाला तरी चालेल असे ठरले. १९३७ साली फळ्यावरून पुसलेला विचार १९४४ मध्ये मान्य झाला. ही सुधारित विमाने बनली साठच्या आसपास. एकूण विमाने बनली होती सुमारे २,४००.

पांढरी विमाने

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली. शरणागतीच्या तपशिलासाठी जपानी शिष्टमंडळाने मनिलाला यावे, असा मॅकआर्थर यांचा हुकूम होता. १९ ऑगस्टला दोन ‘जी-४-एम’ विमाने किसाराझूहून उडाली. अंगभर पांढरा रंग आणि त्यावर हिरवे क्रॉस. नेते होते जनरल तोराशिरो कावाबे. त्यांना भीती अमेरिकनांची नव्हती, भीती होती शरणागती मान्य नसलेल्या आपल्याच वैमानिकांची. विमाने वळसा घेत इए-शिमा बेटावर उतरली, तिथून शिष्टमंडळ अमेरिकन विमानाने मनिलाला गेले.

परतीच्या प्रवासात, २० ऑगस्टच्या रात्री, कावाबे यांच्या विमानातले इंधन संपले. ज्या विमानाची सगळी रचना इंधनासाठी आणि पल्ल्यासाठी झाली होती, ते घराजवळ येऊन कोरडे पडले. वैमानिकाने ते तेनर्यू नदीच्या मुखाजवळ, चांदण्यात, किनाऱ्यावर कसेबसे उतरवले. माणसे वाचली, शरणागतीची कागदपत्रे वाचली आणि दुसऱ्या दिवशी ती टोकियोला पोचली.

आज या जातीचे उडू शकणारे एकही विमान जगात उरलेले नाही. बोगनव्हिलच्या जंगलात यामामोटोंच्या विमानाचे अवशेष अजून पडून आहेत आणि त्याच्या पंखाचा एक भाग जपानमध्ये, त्यांच्या जन्मगावी नागाओकाला, स्मारक-संग्रहालयात ठेवला आहे. पातळ पत्र्याचा तो पंख आहे. आत पेट्रोल आणि बाहेर शत्रू असताना मध्ये काय होते, ते तिथे जाणाऱ्याला सहज दिसते.

होंजो यांचा हिशेब चुकलेला नव्हता. ज्यांनी तो पुसायला लावला, त्यांना विमान हवे तसे मिळाले आणि वेळेवर मिळाले. फक्त त्या विमानात बसणाऱ्या सात जणांपैकी कोणी त्या दिवशी फळ्यासमोर नव्हता.